कुठलेही चाळीस शेवटे

सातमाडच्या खाडीवरचा वैदू कधी आजारी पडला नाही, कधी रजेवर गेला नाही, आणि पाच वर्षांत ‘बरं आहे’ हे दोन शब्द त्याच्या तोंडून जवळजवळ आलेच नाहीत.

वैदू हे नाव गावानं ठेवलेलं. सरकारी कागदावर तो ‘स्वयंचलित जैवसूचक वाचन केंद्र’ होता, पण एवढं लांब नाव घेईपर्यंत माशाचा जीव जायचा. खाडीच्या मुखाशी, पाण्याखाली, एक दार बसवलेलं होतं. त्यातून जाणारा एखादा शेवटा जातीचा मासा मऊ पकडीत चार मिनिटं धरला जायचा. केसाहून बारीक सुई त्याच्या यकृताचा कण काढायची, यंत्र तो वाचायचं आणि मासा सुटायचा. शेवटाच निवडला होता, कारण तो खाडीचा खरा रहिवासी. तळाच्या चिखलातलं शेवाळ खातो, वर्षभर तिथंच फिरतो आणि वर्षातून एकदा अंडी घालायला तेवढा समुद्रात जातो. दिवसाला असे साठ शेवटे तपासून यंत्र सरासरी काढायचं आणि धक्क्यावरच्या खांबावर दिवा लागायचा : हिरवा, पिवळा नाहीतर लाल.

वैदू ज्यांनी घडवला त्यांत डॉ. हर्षाली कुबल होती, आणि ती सातमाडचीच. बाप लवकर गेला. आई जयवंती, गावाची जयवंतीकाकी, टोपली डोक्यावर घेऊन दारोदार फिरली आणि लेकीला पुण्याच्या संस्थेपर्यंत पोचवलं. “गावची पयली डाक्तरीण, आनि सुई टोचता ती माशांका,” असं बाबल मेथर सगळ्यांना सांगायचा. बाबल हा मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष. खाडीच्या वरच्या अंगाला असलेल्या रंगाच्या कारखान्याशी तो बारा वर्षं भांडत होता, आणि त्या बारा वर्षांत त्याचे पाय गुडघ्यापर्यंत खाजून खाजून काळे पडले होते.

बाबल हरत होता तो पाण्याच्या बाटल्यांमुळे. कारखाना सांडपाणी सोडायचा भर पावसात. तपासनीस यायचे चार दिवसांनी. बाटली भरायची, बाटली स्वच्छ निघायची. माशाचं तसं नसतं. तेलकट, रंगीत विषं अंगात शिरली की माशाचं यकृत एक विकर जास्त प्रमाणात तयार करू लागतं. विषाचे तुकडे करून ते अंगाबाहेर काढायला हे विकर मदत करतं. विष जितकं जास्त तितकं विकर जास्त. पाणी वाहून जातं, पण यकृताला बरेच दिवस आठवण राहते. हा साक्षीदार पैशानं फुटत नाही आणि तारखेला गैरहजर राहत नाही.

आता साक्ष ताडून बघायची तर शेजारी एक निरोगी मासा हवा. तो कुठून आणायचा? हर्षालीनंच सुचवलं, कोंडसरच्या खाडीतून. कोंडसर हे जयवंतीकाकीचं माहेर. वर डोंगर, जंगल, एकही कारखाना नाही. सहा वर्षांपूर्वीच्या कार्तिकात संस्थेची पाच माणसं तिथं गेली, चाळीस शेवट्यांच्या यकृतांचे कण घेतले आणि त्यावरून ‘निर्मळ पातळी’ ठरवली. त्या पातळीच्या दुपटीपर्यंत हिरवा, चौपटीपर्यंत पिवळा, त्यापुढं लाल.

वैदूनं पहिल्याच महिन्यात लाल दिवा लावला. गावानं त्या खांबाला हार घातला, गुलाल उधळला. जलस्वास्थ्य प्राधिकरणानं पुढच्या दोन वर्षांत कारखान्याला टाळं ठोकलं. लाल पाण्यातले मासे विकायचे नाहीत असाही नियम होता, म्हणून सातमाडच्या होड्यासुद्धा वर ओढल्या गेल्या. बाबल म्हणाला, वर्षभर कळ काढू, खाडी धुऊन निघेल. सगळ्यांनी कळ काढली. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. कारखान्याच्या धुराड्यावर घारीनं घरटं केलं, तरी दिवा लालच.

वर्षाच्या सरासरीनं पाच वर्षं लाल राहिलेल्या पाण्याला कायदा ‘मृतजल’ म्हणत असे. मृतजलात पुन्हा कधीच मासेमारी नाही. त्या घोषणेसाठीचा अहवाल लिहायचं काम ज्या माणसावर आलं ती हर्षालीच होती, आणि शेवटची पाहणी करायला ती कार्तिकातल्या एका सकाळी सातमाडला उतरली.

धक्क्यावर बाबल बसला होता. त्यानं नुसती हनुवटी वर केली. खांबावर हिरवा दिवा होता.

“बघ,” तो म्हणाला, “तुझो वैदू आज हसता.”

“दर वर्षी या दिवसांत असं होतं, बाबलकाका. पावसाचं पाणी खाडी धुऊन काढतं, त्याचा परिणाम.” हे तिनं मागच्या चार अहवालांत लिहिलं होतं, त्यामुळे ते तोंडात तयारच होतं.

“पाऊस जावन म्हयनो झालो मगे. धुवचा तर श्रावणात धुवक नको? तेव्हा लाल कित्याक?”

प्रश्न सोपा होता, आणि सोप्या प्रश्नाला विद्वान माणूस फार घाबरतो. पाण्याचा गारवा-उबारा आणि खारेपणा या दोन्हींनी हे विकर खालीवर होतं, ते वैदूला शिकवलेलं होतं. तो दोन्ही मोजून आकडे दुरुस्त करायचा. मग दर कार्तिकात बारा-पंधरा दिवस याला होतं काय? हर्षाली घरी निघाली. जाताना कुबलांच्या पालथ्या होडीवर वाढलेलं गवत तिनं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

जयवंतीकाकी आताशा सातमाडची मासळी विकत नव्हती. कोंडसरला भावाकडून आणायची. लेक येणार म्हणून आज तिनं तिथलेच शेवटे आणले होते. तव्यावर रव्यात घोळलेली गाभोळी चुरचुरत होती. गाभोळी म्हणजे माशाच्या पोटातली अंड्यांची जोड पिशवी. कोकणात जावयाला, पाहुण्याला आणि देवाच्या खालोखाल आवडत्या माणसाला वाढायची वस्तू.

“खा गो. गरम आसा तवसर खा.”

हर्षालीनं तुकडा मोडला. अंड्यांचे पिवळे दाणे ताटात सुटे झाले, आणि तिचा हात तिथंच राहिला.

मादीच्या पोटात गाभोळी धरते तेव्हा त्या अंड्यांचा बलक तयार करायचं काम यकृताकडं असतं. मादीचं संप्रेरक यकृताला सांगतं, आता बाकीची कामं ठेव आणि पोरांचं बघ. मग विष झाडणारं ते विकर जवळजवळ झोपी जातं. हे काही नवीन नव्हतं. हर्षालीनं हे परीक्षेत लिहून चांगले गुण मिळवले होते. कार्तिकात गाभोळीनं भरलेले शेवट्यांचे थवे समुद्राकडं निघतात ते वैदूच्या दारातूनच. म्हणून दिवा हिरवा. एवढं सरळ.

पण तिचा हात थांबला होता तो यासाठी नाही. तिला दुसरं एक ताट आठवलं होतं. सहा वर्षांपूर्वीचं, कोंडसरचं, मामाच्या पडवीतलं. पाच पाहुणे, पाच ताटं. तपासून झालेले शेवटे मामीनं चिरले होते. प्रमुख डॉ. सबनीस आयुष्यात पहिल्यांदा गाभोळी खात होते आणि म्हणत होते, “अहो, संपतच नाही ही! किती आहे तरी?” त्या दिवशी प्रत्येकाच्या ताटात गाभोळी होती. वाढून उरली ती मामीनं शेजारी वाटली होती.

“आये,” हर्षालीनं विचारलं, “कोंडसराक आमी इल्लंव, चाळीस शेवटे तपासलंव, आठवता तुका?”

“न आठवाक काय झाला?”

“मी तुका काय सांगल्लंय?”

“खंयचेय चाळीस दी, म्हटलंस. निवडू नको.” खंयचेय म्हणजे कुठलेही.

“मग?”

जयवंतीकाकीनं उलथन्यानं तव्यावरचा तुकडा परतला. “मग काय? तुझी एवढी मोठी सायबां. पयल्यांदा माज्या म्हायेरात इल्ली. तेंका खंयचेय देव? माज्या भावाची अब्रू ती काय? दोन होड्यांतले एक एक पोटाक हात लावन बघून चाळीसय भरलेले काडून दिलंय.”

असं ते होतं. सुईनं कण काढायचा म्हणून तपासायला मासा चिरायची गरज नव्हती. नर की मादी हे वरून बघून शेवट्याचं कळत नाही. कागदावर एक चौकोन होता, ‘नमुन्याचे स्वरूप’, आणि त्यात हर्षालीनं आपल्या अक्षरात लिहिलं होतं : नर-मादी मिश्र, न निवडलेले. आईला ‘निवडू नको’ सांगितलं म्हणजे ती निवडणार नाही, असं परक्या माणसाला वाटलं असतं तर चाललं असतं. हर्षाली त्या आईच्या हातची वाढली होती. पाहुण्याला कुठलंही देणं या बाईला जमत नाही, हे तिच्याइतकं जगात कुणाला ठाऊक नव्हतं. तिला आपल्या शिक्षणाची त्या क्षणी मनापासून लाज वाटली.

“मीठ जास्त झाला?” आईनं विचारलं.

पुढचे आठ दिवस तिनं पाहुणचार घेतला नाही. कोंडसरला जाऊन जाळ्यात येईल तो शेवटा तपासला, तपासून चिरला. पोटात गाभोळी असलेल्या माद्या : हिरव्या. नर आणि रिकाम्या माद्या : लाल. कोंडसरच्या त्या काचेसारख्या पाण्यातले, ज्यांनी जन्मात कारखाना पाहिला नव्हता असे नर लाल! वैदूनं निरोगी माणसाचा नमुना म्हणून गरोदर बाई धरली होती, आणि उरलेल्या साऱ्या जगाला आजारी ठरवलं होतं.

मग तिनं सातमाडचे पाच वर्षांचे आकडे नव्यानं मांडले, खऱ्या पातळीशी ताडून. कारखाना चालू होता तेव्हाची खाडी पिवळी होती. चांगली गडद पिवळी, आजारीच, पण लाल नव्हे. आणि बंद पडल्यावर सहा-सात महिन्यांत ती हिरवी झाली होती. गेली अडीच वर्षं सातमाडची खाडी ठणठणीत होती. होड्या उगीच पालथ्या पडल्या होत्या.

ही गोष्ट तिनं आधी बाबलला सांगितली, कारण आईला सांगायचा धीर होईना.

बाबलनं सगळं ऐकून घेतलं. मग पायाला खाजवत म्हणाला, “कायदो काय म्हणता? पिवळ्यार कारखानो बंद करूक येता?”

“नाही. पिवळ्यावर सुधारणेची नोटीस. बंद फक्त लालवर.”

“म्हणजे तू ह्या सांगलंस की थंय टाळां उघाडतला.”

“हो.”

“आनि नाय सांगलंस तर?”

“तर मृतजल. नाहीतर... मी मुदतवाढीची शिफारस करू शकते. आणखी दोन वर्षं बघू म्हणून.”

“मग ताच कर.” बाबल पुढं सरकला. “दोन वर्सां होडये रवांदेत वर. पाच रवले, सात रवतीत. पन तो कारखानो परत सुरू होवक नको. खोटां बोल म्हणत नाय मी. गप रव. गप रवणां म्हणजे काय खोटां बोलणां नाय.”

“त्यांचे वकील आहेत ना, काळसेकर, ते सोडणार नाहीत. सांगितलं तर पहिला प्रश्न विचारतील, मासे कुणी दिले.”

“मगे? तुझ्या आवशीचा नाव गाजतला. कारखानो बुडवक मायलेकींनी मासे निवडून घातल्यांनी, असा म्हणतीत. चेडवा, तुका ता चलात?”

धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत. खरं सांगावं तर कारखाना उघडतो आणि आईच्या नावाला काळं लागतं. गप्प राहावं तर एका बऱ्या खाडीला आणखी दोन वर्षं आजारी म्हणायचं आणि खाली सही करायची. पातळी गुपचूप बदलता आली असती तर तिनं बदलली असती, हे तिनं स्वतःशी कबूल केलं. पण बदलायची तर कारण लिहावं लागायचं.

तिनं मुदतवाढीचा मसुदा लिहून काढला. चांगला जमला. तो घेऊन ती दुपारी माजघरात आईजवळ जाऊन बसली आणि मसुदा बाजूला ठेवून तिनं सगळं सांगून टाकलं. यकृत, बलक, चाळीस मासे, लाल दिवा.

जयवंतीकाकी सुपातले तांदूळ निवडत होती. तिचा हात चालूच राहिला.

“म्हणजे माझ्या हातान झाला ह्या,” ती शेवटी म्हणाली.

“तुझ्या नाय, आये. मी लिवलंय ‘न निवडलेले’. मी बघूक होया होता.”

“तुका काय म्हायत, मी निवडतलंय?”

“म्हायत होता,” हर्षाली म्हणाली आणि तिला रडू आलं. “माका म्हायत होता गो. मी गाभोळी खाल्लंय सुद्धा.”

आईनं तिला रडू दिलं. मग विचारलं, “आता खाडी कशी आसा? खरां सांग.”

“बरी. अडीच वर्सां झाली.”

“अडीच वर्सां?” जयवंतीकाकीनं सूप खाली ठेवलं. “अगो, बऱ्या माणसाक खाटेर बांधून ठेवलंव आमी. रोज धक्क्यार जावन मी तिका सांगी, बाय, बरी हो, लवकर बरी हो. ती काय म्हणत आसात माका?” तिचा आवाज फुटला. “जा, सांग थंय. माज्या नावाचा काय ता माझां मी बघीन.”

सुनावणी तालुक्याच्या सभागृहात झाली. मृतजलाची घोषणा ऐकायला आलेल्या लोकांनी भलतंच ऐकलं. हर्षालीनं चाळीस मिनिटं उभं राहून आपली चूक सांगितली. कोंडसरचे नर, गाभोळीच्या माद्या, नवे तक्ते. सातमाडची माणसं एकमेकांकडं बघत राहिली. बाबल खिडकीबाहेर बघत होता.

कारखान्याचे वकील काळसेकर उठले. मृदू बोलणारा माणूस.

“डॉक्टर, चाळीसच्या चाळीस माद्या, त्याही गाभोळीच्या. हा योगायोग?”

“नाही. माझ्या आईनं निवडून दिल्या.”

“आणि कागदावर ‘न निवडलेले’. अक्षर आपलंच?”

“माझंच.”

“आपली आई त्या वेळी सातमाडच्या सोसायटीची सभासद होती. सोसायटी आमच्या अशिलाशी भांडत होती. बरोबर?”

“बरोबर. पण—”

“एवढंच विचारायचं होतं.”

जयवंतीकाकीला बोलावलं तेव्हा ती पदर खोचूनच पुढं आली, बाजारात येते तशी.

“बाई, मुलीनं तुम्हाला कुठलेही मासे द्या असं सांगितलं होतं?”

“व्हय.”

“तरी तुम्ही निवडून दिले. असं करायला कोणी सांगितलं होतं?”

“सांगूक कित्याक व्हया? पावणे इल्ले.”

सभागृहात हशा पिकला. काळसेकरही हसले. “म्हणजे तुम्ही जाणूनबुजून गाभोळीचे मासे दिलेत.”

“मग काय रिकामे देव? सायबानू, तुमी उद्या माज्या दारात इलात, तर तुमकाय निवडूनच देतलंय.”

या वेळी कोणी हसलं नाही. काळसेकरांनी क्षणभर मान खाली घातली, माणूस वाईट नव्हता. मग ते सुनावणीच्या अध्यक्षांकडं वळून म्हणाले, “निवडून दिल्याचं साक्षीदारानं मान्य केलं आहे. नोंद व्हावी.”

नोंद झाली. निकाल पंधरा दिवसांनी आला. मृतजलाची कारवाई रद्द. सातमाडच्या होड्यांना परवानगी. कारखाना बंद करण्याचा आदेश स्थगित, सुधारणेच्या अटींवर काम सुरू करण्यास मुभा. निर्मळ पातळी वर्षाच्या चारही ऋतूंत नव्यानं ठरवावी, आणि डॉ. कुबल यांना या कामापासून दूर ठेवावं. सातव्या परिच्छेदात एक वाक्य होतं : ‘मूळ नमुने हितसंबंधी व्यक्तीने हेतुतः निवडलेले होते.’

हर्षालीनं ते आईला वाचून दाखवलं. गाळायचा विचार होता, पण आता गाळायची सवय तिला नको झाली होती.

“हेतुतः म्हणजे काय गो?”

“मुद्दाम.”

“मगे बरोबर लिवल्यानी,” जयवंतीकाकी म्हणाली. “मुद्दामच दिलंय.”

होड्या पाण्यात गेल्या. पहिल्या दिवशी गावानं नारळ दिला, पण गुलाल कोणी आणला नाही. त्याच आठवड्यात धुराड्यावरचं घारीचं घरटं काढून टाकलं गेलं. बाबल हर्षालीशी बोलायचा बंद झाला. खाडीत मात्र तो सर्वांच्या आधी उतरला, काळ्या पायांनी.

फाल्गुनात नवं पथक कोंडसरला आलं. पाच माणसं. हर्षालीला कामाला हात लावायचा नव्हता, म्हणून ती मामाच्या पडवीच्या खांबाला टेकून उभी होती. अंगणात मोठ्या टाकीत जिवंत शेवटे सोडले होते, आणि टाकीवर जाड काळं कापड ताणलेलं होतं. नवा नियम : स्थानिक मच्छीमारानं कापडाखाली हात घालून न बघता मासा उचलायचा, समोर कॅमेरा. मामाचा हात दारात चिमटून बांधलेला होता, मामी पाण्यात हात घालायची नाही. म्हणून पथकाच्या तरुण अधिकाऱ्यानं जयवंतीकाकीला विचारलं. बाई कोण हे त्याला माहीत नसावं, किंवा असेलही.

“मावशी, बघायचं नाही हं. हाताला येईल तो पहिला.”

जयवंतीकाकीनं बांगड्या मागं सारल्या, तोंड फिरवलं आणि कापडाखाली हात घातला.

पहिला मासा तिच्या हाताला लागला तो लगेच. हर्षालीला तिचं मनगट तेवढं दिसत होतं. ते थांबलं. मग एकदा पुढं गेलं, एकदा मागं : बोटं पाण्याखाली माशाचं पोट चाचपत होती. फाल्गुन होता, हंगाम सरला होता, तरी एखादी मागं राहिलेली मादी असतेच. हर्षालीनं आईचा चेहरा बघितला आणि तिला समजलं. कापडानं डोळे झाकले होते, पण सगळा जन्म मासे चाचपण्यात गेलेल्या या बाईची बोटं कशानं झाकायची? तो मासा उचलला तर निवडला, आणि सोडला तरी निवडलाच.

काकीनं रिकामा हात बाहेर काढला आणि लुगड्याला पुसला.

“दुसऱ्या कोणाक तरी सांगा,” ती म्हणाली. “माजो हात आंधळो नाय.”

अधिकारी गोंधळला. मग पथकानं एक लांब दांड्याची जाळी आणली आणि आपलं आपणच काम उरकलं. चाळीस मासे निघायला दुपार झाली. फोडणीचा वास अंगणापर्यंत आला होता. पथकानं सामान आवरलं, टाकी धुतली, जोडे घातले. अधिकाऱ्यानं पडवीकडं बघून नमस्कार केला, थोडा वेळ घुटमळलाही. माणसं निघाली, माडांच्या वळणावर त्यांची गाडी दिसेनाशी झाली. कोंडसरच्या त्या अंगणातून भर दुपारी पाच माणसं उपाशी गेली आणि “जेवान जावा” असं त्यांना कोणी म्हटलं नाही. हर्षालीनं हे जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

ती आत गेली. चुलीवर मोठं भांडं होतं, लग्नकार्याला काढतात ते, काठोकाठ आमटीनं भरलेलं. भिंतीला लावून नऊ पाट मांडलेले होते आणि ताटं पुसून पालथी घातली होती. आई चुलीपुढं बसली होती.

“आये, एवढा रांधलंस, मगे तेंका बोलावक नाय ता?”

जयवंतीकाकीनं उठून एकेक पाट भिंतीशी उभा करायला सुरुवात केली.

“नको गो,” ती म्हणाली. “जेवक बोलावलंय, तर ताय लिवन घेतीत.”